उपाशी ठेवलं की मासा कोरडं खाद्य खातोच?

"टाकीतला समुद्री मासा खाद्याला तोंड लावत नसेल तर चार दिवस उपाशी ठेवा, भूक लागली की मुकाट्याने खाईल." हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. धट्ट्याकट्ट्या माशांच्या बाबतीत तो कधीकधी लागू पडतो, म्हणूनच खरा वाटतो. नाजूक माशांचा मात्र त्याने जीव जातो.

समुद्री घोड्याचंच बघा. त्याला दात नाहीत आणि जठरही नाही. गिळलेलं अन्न आतड्यातून भराभर पुढे सरकतं, साठा होतच नाही. म्हणून त्याला दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं द्यावं लागतं. शिवाय तो हलणारं भक्ष्य हेरून नळीसारख्या तोंडाने ओढून घेतो. तळाशी पडलेला दाणा त्याच्या लेखी बहुतेकदा अन्नच नसतो. यात हट्टाचा प्रश्नच येत नाही. मँडरिन मासाही तसाच, दिवसभर खडकांवरचे कोपेपॉड, म्हणजे इवलेसे कवचधारी जीव, टिपत फिरतो. नव्या टाकीत ते पुरेसे नसतात.

पडताळा घरीच घेता येतो. खाद्य टाकल्यावर जवळून पाहा: मासा गिळतो, की तोंडात घेऊन थुंकतो? थुंकणं म्हणजे खाणं नव्हे. पोट आत ओढलेलं दिसलं तर तो आधीच खंगतोय. वाट न पाहता आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवांची, जिवंत पिल्लं किंवा कोपेपॉड द्या. रात्री दिवे मालवून काचेवर टॉर्च मारा. सरपटणारे पांढरे ठिपके, म्हणजे कोपेपॉड, दिसले नाहीत, तर मँडरिन इतक्यात आणू नका. आणि कुठलाही नाजूक मासा घेण्याआधी तो आपल्यासमोर खाताना दाखवायला सांगा.