क्रिटेशस-अखेरचे सामूहिक विलोपन

क्रिटेशस-अखेरचे सामूहिक विलोपन : क्रिटेशस कालखंड संपून पॅलिओजीन सुरू होताना, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वीवरील प्राणी व वनस्पतींच्या जवळपास तीन-चतुर्थांश जाती भूवैज्ञानिक मापाने फार थोड्या अवधीत नष्ट झाल्या, ती घटना. पक्षी वगळता सर्व डायनोसॉर, उडणारे टेरोसॉर, समुद्रातील मोसासॉर व प्लेसिओसॉर आणि वेटोळ्या शंखांचे ॲमोनाइट तीत गेले. मगरी, कासवे, बेडूक, लहान चणीचे सस्तन प्राणी आणि पक्ष्यांचे काही गट तगले. ज्ञात पाच मोठ्या विलोपनांपैकी हे सर्वांत अलीकडचे आहे, पण सर्वांत भीषण नव्हे. सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वीचे पर्मियन-अखेरचे विलोपन याहून मोठे होते.

जुन्या लेखनात या सीमेला के-टी म्हणत. ‘के’ हे खडू या अर्थाच्या ‘क्राइडे’ या जर्मन शब्दाचे आद्याक्षर आणि ‘टी’ टर्शरी म्हणजे तृतीय कल्पाचे. तृतीय कल्प हे नाव अधिकृत कालमापनातून गेल्यामुळे हल्ली के-पीजी असे लिहितात. सीमेचा प्रमाण छेद, म्हणजे जगभर संदर्भासाठी धरलेली खडकांच्या थरांची जागा, ट्युनिशियातील एल केफ येथे आहे.

सीमेचा थर : इटलीत गुब्यो गावाजवळ गुलाबी-पांढऱ्या चुनखडकांच्या थरांमध्ये बोटभर जाडीचा चिकणमातीचा एक थर आहे. त्याच्या खालच्या चुनखडकात सूक्ष्म सागरी जीवांची मोठी, नक्षीदार कवचे विपुल आहेत. वरच्या चुनखडकात मोजक्याच जातींची, भिंगाखालीही जेमतेम दिसणारी कवचे उरतात. हा मातीचा थर साचायला किती काळ लागला, एवढाच प्रश्न भूवैज्ञानिक वॉल्टर अल्व्हारेझ यांच्यापुढे होता. त्यांचे वडील, नोबेल पारितोषिकप्राप्त भौतिकीविज्ञ लुइस अल्व्हारेझ यांनी इरिडियम मोजण्याची कल्पना काढली. हा धातू भूकवचात अत्यल्प असतो. अशनींच्या धुळीबरोबर तो सतत थोडाथोडा पडतो, त्यामुळे त्याच्या प्रमाणावरून काळाचा अंदाज बांधता येईल असा हिशेब होता. फ्रँक असारो व हेलन मिशेल यांनी केलेल्या मापनात मात्र इरिडियम अपेक्षेच्या कितीतरी पट निघाले. गुब्योला ते आजूबाजूच्या खडकांच्या सुमारे ३० पट, डेन्मार्कमधील स्टेव्ह्न्स क्लिंट येथे १६० पट आणि न्यूझीलंडमध्ये २० पट भरले. जवळपास फुटलेल्या अतिनवताऱ्याची (सुपरनोव्हाची) शक्यताही त्यांनी तपासली. तसे असते तर प्लुटोनियम-२४४ हे समस्थानिक सापडायला हवे होते. ते सापडले नाही. अखेर १९८० मध्ये सुमारे १० किमी. व्यासाचा लघुग्रह पृथ्वीवर आदळल्याचा सिद्धांत या चौघांनी मांडला. यान स्मिट यांना स्पेनमधील कारावाका येथे स्वतंत्रपणे तसाच थर मिळाला होता. पुढे या थरात आघाताने भेगाळलेले क्वॉर्ट्झचे कण, काचेचे सूक्ष्म गोळे आणि काजळीही आढळली. भेगाळलेल्या क्वॉर्ट्झचे महत्त्व विशेष आहे, कारण तशा समांतर पट्ट्या उमटवणारा दाब ज्वालामुखीच्या स्फोटात निर्माण होत नाही.

आघातविवर : विवर सापडण्याच्या आधीच सापडलेले होते, असे म्हणावे लागते. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात तेलाचा शोध घेताना ग्लेन पेनफील्ड व अँटोनियो कामार्गो यांना चुंबकीय व गुरुत्वीय मापनांत एक प्रचंड वर्तुळ दिसले होते. त्यांनी ते १९८१ मध्ये जाहीरही केले, पण विलोपनाचा अभ्यास करणाऱ्यांचे त्याकडे लक्ष गेले नाही. ॲलन हिल्डब्रँड व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दोन्ही धागे जोडले. चिक्शुलूब हे विवर सुमारे १८० किमी. व्यासाचे असून अर्धे समुद्राखाली आणि सगळेच नंतरच्या चुनखडकाखाली गाडलेले आहे. जमिनीवर त्याची कडा नैसर्गिक डोहांच्या कमानीवरून तेवढी ओळखू येते. २०१६ मध्ये विवराच्या आतल्या कड्यात छिद्रण झाले, तेव्हा सुमारे १३० मी. जाडीचा वितळलेल्या व चुरा झालेल्या खडकांचा थर मिळाला. तो आघातानंतर बहुतांशी एका दिवसात साचला असावा. युकातानच्या भूमीत गंधकयुक्त खनिजे भरपूर आहेत, छिद्रणातून काढलेल्या खडकाच्या गाभ्यात मात्र ती जवळजवळ नाहीत. म्हणजे ती वाफ होऊन वातावरणात गेली. धूळ, काजळी आणि गंधकाचे तुषार यांनी सूर्यप्रकाश अडवला, प्रकाशसंश्लेषण मंदावले आणि अन्नसाखळी तळापासून तुटली, हे चित्र सर्वसाधारणपणे मान्य आहे. या तिघांपैकी मुख्य वाटा कोणाचा, हे संगणकीय प्रतिकृतीगणिक बदलते.

दख्खनचे ज्वालामुखी : विलोपनाच्या सुमारासच भारतात इतिहासातील मोठ्या लाव्हा-उद्रेकांपैकी एक चालू होता. त्यातून बनलेल्या दख्खन ट्रॅपने आज सुमारे ५ लाख चौ. किमी. क्षेत्र व्यापले आहे. मूळ विस्तार याहून बराच मोठा असावा. सह्याद्रीत थरांची एकूण जाडी २,००० मी.हून अधिक भरते. ट्रॅप हा शब्द जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. घाटातल्या कड्यांच्या पायऱ्या पाहिल्यावर त्याला वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. विलोपनाचे मूळ या उद्रेकांत असल्याचे मत ड्यूई मॅक्लीन यांनी मांडले. व्हँसाँ कूर्तियो व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये पुराचुंबकीय पुराव्यावरून बहुतेक लाव्हा एकाच उलट चुंबकीय कालखंडाच्या, म्हणजे पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे असतानाच्या काळाच्या, आसपास बाहेर पडल्याचे दाखवले आणि या मताला बळ मिळाले.

वादाचे मर्म लाव्हा किती आला यापेक्षा तो किती वेळात आला, यात आहे. आइसलंडमधील लाकी येथे १७८३-८४ मध्ये आठ महिन्यांत सुमारे १५ घन किमी. लाव्हा आला. त्याच्या वायूंनी यूरोपभर धुके पसरले आणि दुष्काळ व रोगराईने आइसलंडची सुमारे पाचवा हिस्सा लोकसंख्या मेली. दख्खनमधील एकेका उद्रेकाचे आकारमान १,००० घन किमी.हून अधिक असल्याचे अंदाज आहेत. मात्र गंधकाचे तुषार काही वर्षांतच वातावरणातून धुऊन जातात. उद्रेक लागोपाठ झाले असतील तर हानी साचत जाते. मधे हजारो वर्षांची उसंत असेल तर जीवसृष्टी सावरते. अशी उसंत होती याची खूण म्हणजे दोन लाव्हाथरांमधले विटकरी लाल मातीचे पट्टे. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाताना रस्त्यासाठी कापलेल्या दरडींत काळ्या बेसाल्टच्या मधोमध ते सहज दिसतात. उघडा पडलेला लाव्हा हवापाण्याने कुजून त्याची ही माती झाली आणि पुढच्या लाव्हाने ती झाकली.

याच पट्ट्यांतून ब्लेअर शोन व सहकाऱ्यांनी झिर्कॉन या खनिजाचे स्फटिक वेचले आणि त्यांचे युरेनियम-शिसे पद्धतीने वय काढले. बेसाल्टमध्ये झिर्कॉन सहसा बनत नाही; हे स्फटिक दुसरीकडच्या सिलिकायुक्त उद्रेकांच्या राखेतून येऊन पडले असावेत, असे गृहीत आहे. सायन्स या नियतकालिकात २०१९ मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार उद्रेक चार मोठ्या आवेगांत झाले आणि त्यांतला पोलादपूर नावाने ओळखल्या जाणाऱ्या लाव्हाथरांचा आवेग विलोपनाच्या काही दशसहस्र वर्षे आधी आला. त्याच नियतकालिकाच्या त्याच अंकात कोर्टनी स्प्रेन व सहकाऱ्यांनी खुद्द बेसाल्टमधील फेल्डस्पार या खनिजाची आर्गॉन पद्धतीने काढलेली वये प्रसिद्ध केली. त्यांच्या मते उद्रेक बऱ्याच अंशी सलग होते आणि सुमारे तीन-चतुर्थांश लाव्हा सीमेनंतरचा आहे. पहिल्या मांडणीत सीमा पोलादपूर थरांच्या माथ्याच्या बाजूला येते, दुसरीत त्यांच्या पायथ्याच्या आसपास. एकाच घाटातल्या एकाच खडकांतून असे दोन निष्कर्ष निघावेत, याला दोन्ही पद्धतींच्या मर्यादा कारण आहेत. झिर्कॉन थरापेक्षा जुना असू शकतो, तर आर्गॉन वयांची अनिश्चितता अधिक असते. दोन्ही पक्षांचे आकडे अनिश्चिततेसह धरले तर त्यांच्यातील अंतर मथळ्यांवरून वाटते तेवढे मोठे नाही. इरिडियमयुक्त मातीची रेघ सह्याद्रीच्या कड्यांत निःसंशयपणे ओळखली गेली असती, तर प्रश्नच उरला नसता.

आघाताच्या हादऱ्याने दख्खनचे उद्रेक वाढले, अशी एक मांडणी २०१५ मध्ये पुढे आली. उद्रेक आघातापूर्वीच सुरू झालेले असल्याने आघाताने ते सुरू केले असे कोणी जाणकार म्हणत नाही. चिक्शुलूबच्या नेमका उलट बाजूला दख्खन होता, हे लोकप्रिय लेखनातले विधानही चुकीचे आहे. मुंबईलगतच्या समुद्रतळावरील ‘शिव’ नावाची रचना म्हणजे दुसरे महाविवर होय, हे शंकर चटर्जी यांचे मत बहुतेक भूवैज्ञानिकांनी स्वीकारलेले नाही.

सागरी गाळांतील तापमानाच्या नोंदींवरून असे दिसते की विलोपनाच्या सुमारे दोन लाख वर्षे आधी पृथ्वी सुमारे २° से.ने तापली आणि आघातापूर्वी पुन्हा थंडावली. दख्खनचे वायू या तापण्यामागे असावेत. जीवांचा ऱ्हास मात्र थंडावल्यानंतर, सीमेवरच होतो. गेर्टा केलर यांच्यासारखे अभ्यासक राजमहेंद्रीजवळच्या लाव्हांमधील सागरी थरांवरून ज्वालामुखीलाच प्रमुख कारण मानतात. तरीही उपलब्ध पुरावा एकत्र पाहता आघात हे निर्णायक कारण आणि दख्खनचे उद्रेक ही आधीची व नंतरची पार्श्वभूमी, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

भारतातील पुरावे : सीमा सलग सागरी थरांत, इरिडियमसह आढळते ती मेघालयातील उम सोह्रिंग्क्यू नदीच्या छेदात. कच्छमधील अंजार येथे लाव्हाथरांमधील तळ्याच्या गाळातही इरिडियम मिळाले. ते सीमेचेच आहे का, यावर एकमत नाही. लाव्हाच्या खालच्या लामेटा थरांत डायनोसॉरची हाडे व अंडी विपुल आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे सापडलेल्या त्यांच्या विष्ठेच्या जीवाश्मांत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण असल्याचे २००५ मध्ये जाहीर झाले. त्यामुळे गवताचा उगम डायनोसॉरनंतरचा, ही जुनी समजूत मोडली. लाव्हांच्या मधल्या थरांतही डायनोसॉरचे अवशेष मिळतात. पहिल्या उद्रेकांनी ते संपले नाहीत, एवढे त्यावरून निश्चित होते. मुंबईत वरळीच्या टेकडीतील अशाच मधल्या थरातील छोट्या बेडकांच्या जीवाश्मांचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये केले. हा थर सीमेनंतरचा मानला जातो.

पुनरावृत्तीची शक्यता : १० किमी. आकाराचा आघात सरासरी सुमारे १० कोटी वर्षांतून एकदा होतो असा अंदाज आहे. एक किमी.हून मोठे, पृथ्वीजवळून जाणारे बहुतेक लघुग्रह आता ज्ञात आहेत. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे डार्ट यान डिमॉर्फोस या लघुग्रह-उपग्रहावर आदळवून त्याचा कक्षाकाल सुमारे अर्ध्या तासाने घटवण्यात आला. दख्खनसारख्या लाव्हापुरावर असा उपाय नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर याच घटनेतले असल्याचा समज आढळतो. ते दख्खनच्या बेसाल्टवर, म्हणजे तो थिजून कित्येक कोटी वर्षे लोटल्यावर, झालेल्या अशनिपाताने बनले. त्याचा व्यास सुमारे १.८ किमी. आहे. त्याचे वय उष्मादीप्ती (तापवलेल्या खनिजातून निघणारा प्रकाश मोजण्याच्या) पद्धतीने सुमारे ५२,००० वर्षे आणि आर्गॉन पद्धतीने सुमारे ५,७०,००० वर्षे येते. आर्गॉन पद्धतीत वितळलेल्या खडकाचे थेट वय निघत असल्याने अलीकडे दुसऱ्या आकड्याकडे कल आहे.