प्रोस्टेटची बायोप्सी पुन्हा का? आणि जुना ब्लॉक का मागतो?

“बाबांना कॅन्सर आहे हे चार वर्षांपूर्वीच कळलं. मग आता परत सुई कशाला?” नागपूरच्या धंतोलीतल्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर हा प्रश्न सतत येतो. घाईच्या वेळी तिथे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, डेगॅरेलिक्स ही इंजेक्शनं असोत की वृषण काढण्याची शस्त्रक्रिया, हेतू एकच: रक्तातलं टेस्टोस्टेरॉन डेसीलिटरला ५० नॅनोग्रॅमच्या खाली आणणं. प्रोस्टेटच्या कॅन्सरपेशी या हार्मोनवर पोसल्या जातात हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं. १९६६ चं नोबेल त्यांना त्याच कामासाठी मिळालं. पेशीतल्या अँड्रोजन रिसेप्टर नावाच्या प्रथिनाला टेस्टोस्टेरॉन चिकटलं की पेशीला वाढायचा हुकूम मिळतो. हार्मोन तोडलं की बहुतेकांचा पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते, रक्तात मोजलं जाणारं प्रथिन) भराभर उतरतो.

तो पुन्हा चढू लागला की पहिला संशय इंजेक्शनवर जातो. म्हणून पीएसएसोबत टेस्टोस्टेरॉनही तपासून घ्या. ते ५० च्या वर असेल तर इंजेक्शनला उशीर झाला का, हे आधी बघावं लागतं. ५० च्या खाली असूनही पीएसए चढत असेल, तर पेशींनी वाट काढली आहे. आणि तुलना एकाच लॅबच्या आकड्यांची करा. मशीन बदललं की आकडा थोडा हलतो, आणि तेवढ्यानेच घरात रडारड होते.

पेशी वाट काढतात ती अशी. काहींमध्ये अँड्रोजन रिसेप्टरच्या जनुकाच्या जादा प्रती तयार होतात, मग उरलंसुरलं हार्मोनही पुरतं. काही पेशी अॅड्रिनल ग्रंथीतल्या कच्च्या मालापासून गाठीतच हार्मोन बनवतात. अॅबिराटेरॉन गोळी नेमकं तेच अडवते. कधी रिसेप्टरचा आकार असा बदलतो की बायकॅल्युटामाइडसारखं अडवणारं औषधच त्याला चालना देतं. अशा वेळी डॉक्टर ती गोळी बंद करतात आणि काहींचा पीएसए चक्क उतरतो. एआर-व्ही७ या प्रकारात रिसेप्टरचा हार्मोन चिकटण्याचा भागच नसतो, तरी तो चालूच राहतो. आणि काही पेशी स्टेरॉइडच्या रिसेप्टरवरून तेच काम करून घेतात, सरळ दुसऱ्याच्या तारेवर आकडा टाकतात. (हे वाचून कुणी प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी परस्पर बंद करू नका. ते अचानक थांबवणं धोक्याचं असतं.)

सगळ्यात फसवा प्रकार वेगळाच. उपचाराच्या दाबाखाली काही पेशी प्रोस्टेटपणच सोडतात आणि न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे मज्जापेशी आणि हार्मोनपेशींसारखं, रूप घेतात. आरबी१, टीपी५३ ही आवर घालणारी जनुकं त्यांत बहुधा निकामी झालेली असतात. अशा पेशी पीएसए फारसा बनवत नाहीत. आकडा शांत आणि यकृतात गाठी, असं चित्र दिसतं. तिथे हार्मोनच्या औषधांचा फारसा उपयोग नसतो, प्लॅटिनमवर्गातली केमो लागते. ही ओळख सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, आयएनएसएम१ या मार्करांनी (पेशीची जात सांगणाऱ्या खुणेच्या प्रथिनांनी) आणि सूक्ष्मदर्शकाखाली होते, तीही आज वाढत असलेल्या गाठीच्या तुकड्यावर. चार वर्षांपूर्वीच्या तुकड्यात हा बदल झालेलाच नव्हता. पुन्हा सुई लागते ती यासाठी.

मग जुना ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला जुना तुकडा, कशाला? बीआरसीए२ सारख्या जनुकातला बिघाड बहुतेक वेळा सुरुवातीपासूनच असतो, तो जुन्या ब्लॉकवरही सापडतो. नवा तुकडा सुईचा, अगदी बारीक. तो मार्करांतच संपू शकतो. शिवाय दोन्ही शेजारी ठेवले की काय बदललं ते नेमकं सांगता येतं.

आता ज्या चुकीत सर्वांत जास्त दिवस जातात ती. लोक रिपोर्टचा फोटो किंवा काचेच्या स्लाइड आणतात. स्लाइड म्हणजे चार मायक्रॉनचा, आधीच रंगवलेला एकच काप. त्यावर पुढच्या सगळ्या तपासण्या होत नाहीत. ब्लॉक म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या कॅसेटवर मेणात बसवलेला तुकडा, कडेला नंबर लिहिलेला. तो मूळ रिपोर्ट देणाऱ्या लॅबकडे असतो, अर्ज करून मिळतो. रिपोर्टवर ‘ए१, ए२’ असे भाग असतील तर ज्यात कॅन्सर लिहिला आहे तोच मागा. दर वेळी चुकीचा ब्लॉक घेऊन यवतमाळ-गोंदियाहून दुसरी फेरी मारणारे आम्ही बघतो. अर्जाचा नमुना काउंटरवर फुकट मिळतो.

आणताना ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तेवढं तापमान सहज होतं. डब्यात, सावलीत आणा.

नवा तुकडा तुमच्या हाती दिला तर बाटलीत १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनच आहे ना, ते विचारा. तुकड्याच्या किमान दहापट. सलाइनमध्ये तुकडा सडू लागतो, स्पिरिटमध्ये मार्कर बिघडतात. बर्फाची गरज नाही, फ्रीजरमध्ये तर मुळीच नको. बाटल्या आमच्याकडून आधी न्या, पैसे नाहीत.

हाडाच्या तुकड्याला वेळ लागतो, त्यावरून बोलणी खातो, खाऊ. जोरकस आम्लाने हाड लवकर मऊ होतं, पण डीएनए तुटतो आणि जनुकांची तपासणी वाया जाते. आम्ही ईडीटीए हे हाडातलं कॅल्शियम काढणारं सौम्य रसायन वापरतो. ते सावकाश चालतं. बाकी नमुन्यांचा रिपोर्ट तीन-चार कामाच्या दिवसांत, मार्कर लागले तर आणखी दोन.

उपचारांचा परिणाम स्पष्ट दिसत असेल तर आम्ही ग्लीसन आकडा (कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याची श्रेणी) देत नाही. औषधाने पेशी आक्रसतात, आकडा उगाच जास्त येतो. “पैसे घेतले आणि आकडाच नाही,” असं कुणी म्हटलं तर हे वाक्य दाखवा.

फॉर्मवर एवढं लिहाच: शेवटच्या इंजेक्शनची तारीख, सुरू असलेल्या गोळ्यांची नावं, शेवटचे तीन पीएसए तारखांसह आणि तुकडा कुठल्या जागेतून घेतला. जुना आणि नवा ब्लॉक एकत्र दिलात तर तुलनेचं वेगळं शुल्क नाही. काम झालं की दोन्ही ब्लॉक सही घेऊन परत मिळतील.