खाजणातला वाळूचा थर: त्सुनामीचा की वादळाचा?

खाजणात एरवी वाळू येत नाही. भरतीचं पाणी संथपणे चढतं, बारीक चिखल ठेवून उतरतं, आणि त्यावरचं गवत कुजून मुळांनी विणलेली तपकिरी माती तयार होते. त्यामुळे खाडीच्या कापलेल्या काठात या मातीवर चार बोटं जाडीची वाळूची पट्टी दिसली, तर समुद्र एकदा नेहमीपेक्षा फार जोरात आत आला होता, एवढं नक्की. तो भूकंपाने उठवलेल्या त्सुनामीने आला की चक्रीवादळाच्या उधाणाने, हे मात्र पट्टी बघून लगेच सांगता येत नाही. दोघंही बहुतेक वेळा त्याच पुळणीवरची वाळू उचलतात. दोघांचाही थर किनाऱ्यापासून आत जाताना पातळ होतो. वाळू निरखून निम्मंच उत्तर मिळतं. उरलेलं तिच्या खालच्या मातीत आणि वरच्या चिखलात शोधावं लागतं.

वाळू काय सांगते

वादळात वाऱ्याच्या लाटा साधारण ५ ते १५ सेकंदांनी येतात आणि फुगलेलं पाणी कित्येक तास तसंच राहतं. पाणी हळूहळू चढून किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या ओलांडतं, आणि मग प्रत्येक लाट थोडीथोडी वाळू पलीकडे ढकलते. ही वाळू बरीचशी तळाशी घरंगळत जाते. म्हणून वादळाच्या थरात पातळ पापुद्रे खूप असतात, काही ठिकाणी जमिनीच्या दिशेने उतरणारे तिरपे पदरही दिसतात. टेकडीच्या लगेच मागे हा थर पंख्यासारखा पसरतो, तिथे त्याची जाडी ३० सेंटिमीटरच्या वर सहज जाते, आणि बहुधा दोन-तीनशे मीटरांत तो संपतो.

त्सुनामीच्या दोन लाटांमध्ये मात्र दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंतचं अंतर असतं. पृष्ठभागापासून तळापर्यंतचं सगळं पाणी मिनिटामिनिटांनी एकाच दिशेला सरकत राहतं आणि वाळू पाण्यात तरंगत आत जाते. परतण्याआधी पाणी क्षणभर थबकतं, तेव्हा जाड कण आधी बसतात, मग बारीक, आणि शेवटी चिखलाची साय. पुढची लाट आली की पुन्हा तोच क्रम. त्यामुळे त्सुनामीच्या थरात पदर मोजकेच असतात आणि प्रत्येक पदर खाली भरड, वर बारीक असा असतो. थर सहसा २५ सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीचा, पण खळगे-उंचवटे झाकत शेकडो मीटर, कधी काही किलोमीटर आत गेलेला असतो. तळाशी जुन्या मातीची उचकटलेली ढेकळं सापडली तर त्सुनामीचा संशय बळावतो. पाण्याचा पहिलाच लोट कोरड्या जमिनीवरून वेगाने जातो आणि माती ओरबाडतो. वादळात जमीन आधीच पाण्याखाली गेलेली असते, त्यामुळे अशी ढेकळं कमी.

पण ही लक्षणं सरासरीची आहेत. २०१३ च्या हैयान वादळात फिलिपिन्समधल्या हर्नानी इथे पाणी भिंतीसारखं, अगदी त्सुनामीच्या थाटात आत आलं. उलट बाजूने पाहिलं तर ‘त्सुनामी खोल समुद्रातले जीव आत आणते’ हा ठोकताळा २०११ मध्ये जपानच्या सेंदाई मैदानावर लंगडा पडला. तिथल्या ताज्या थरात सागरी डायाटम (काचेसारख्या कवचाचे एकपेशीय शैवाल) फारच थोडे निघाले, कारण बरीचशी वाळू पुळण, टेकड्या आणि शेतजमिनीतूनच उचललेली होती. सागरी सूक्ष्मजीव सापडले तर पाणी समुद्राचं होतं इतकंच सिद्ध होतं, आणि वादळाचं पाणीही समुद्राचंच असतं.

सेंदाईने आणखी एक गोष्ट दाखवली. एका छेदरेषेवर पाणी ४.५ किलोमीटर आत गेलं होतं, पण अर्ध्या सेंटिमीटरहून जाड वाळू २.८ किलोमीटरलाच थांबली. त्यापुढे फक्त चिखल. म्हणजे वाळूची सीमा ही पाण्याची किमान सीमा असते. याच मैदानाखाली इ.स. ८६९ च्या जोगान त्सुनामीची वाळू आहे. इ.स. ९१५ मध्ये तोवादा ज्वालामुखीतून पडलेली राख तिच्या थोडी वर सापडते, त्यामुळे तिचं वय पक्कं झालं. वाळूच्या सीमेवरून जोगान भूकंपाची तीव्रता ८.४ च्या आसपास धरली जात होती. २०११ नंतर पाणी वाळूच्या पुढेही गेलं असणार हे धरून हिशोब केला, तेव्हा ती किमान ८.६ निघाली.

खरा पुरावा वाळूच्या खाली आणि वर

एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो अशा किनाऱ्यावर दोन भूकंपांच्या मधल्या शतकांत जमिनीची कड हळूहळू उचलली जाते. भूकंप झाला की तीच कड काही मिनिटांत अर्धा ते दोन मीटर खचते. काल जिथे फक्त मोठ्या भरतीचं पाणी पोचत होतं, तिथे आज रोज दोनदा पाणी भरतं. गवत आणि झाडं मरतात, त्यांच्यावर भरती-ओहोटीच्या पट्ट्यातला करडा चिखल साचतो. भूगर्भशास्त्रज्ञ ब्रायन अ‍ॅटवॉटर यांनी १९८७ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन किनाऱ्यावरून नेमका हाच क्रम मांडला: खाली खाजणाची माती, तिच्यावर वाळूचा पातळ थर, त्यावर थेट चिखल. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या या कॅस्केडिया पट्ट्यात असे पुरलेले मातीचे थर एकाखाली एक आहेत.

वादळ जमीन खचवत नाही. वादळाच्या वाळूवर काही वर्षांत तेच गवत त्याच उंचीवर पुन्हा उगवतं. म्हणून वाळूच्या वरचा आणि खालचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवून बघायचा. फोरामिनिफेरा या एकपेशीय जीवांच्या जाती भरतीच्या उंचीप्रमाणे बदलतात. खाली उंच खाजणातल्या जडॅमिना मॅक्रेसेन्स आणि ट्रोकॅमिना इन्फ्लाटा, आणि वर सखल पट्ट्यातली मिलियॅमिना फुस्का, असा बदल दिसला तर जमीन खाली गेली. दोन्हीकडे एकच मंडळी असतील तर खचण्याचा पुरावा नाही.

पण खचण्याचा पुरावा नाही म्हणून वादळच, असंही नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावर पोर्ट अल्बर्नी इथल्या खाजणात १९६४ च्या त्सुनामीची वाळू आहे. ती लाट दूरच्या अलास्काच्या भूकंपातून आली होती. इथली जमीन खचली नव्हती. दूरच्या त्सुनामीचा थर आणि वादळाचा थर वेगळे करणं हे या कामातलं सगळ्यात कठीण प्रकरण. तिथे पुन्हा पदर, ढेकळं आणि आतवरचा पल्ला यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते.

याच्या उलटा सापळाही आहे. वादळाने खाडीच्या तोंडाशी असलेला वाळूचा बांध फोडला, तर आतली भरती एकाएकी उंच चढू लागते आणि खाजण बुडतं. माती, वाळू, चिखल: क्रम हुबेहूब भूकंपाचा. इथे एका खाडीवर निकाल देता येत नाही. पन्नास-शंभर किलोमीटर लांबच्या दुसऱ्या खाड्यांतही त्याच वेळी जमीन बुडाली का, ते पाहावं लागतं. कॅस्केडियात इ.स. १७०० च्या भूकंपाच्या खुणा सुमारे हजार किलोमीटर किनाऱ्यावर सापडतात. एवढ्या लांबीत एका वादळाने सगळे बांध फोडले, हे पटण्यासारखं नाही.

नमुना घेताना

जागा शांत खाजणाची निवडावी, मुख्य ओघळापासून दूर. ओघळाने जागा बदलली की तोही माती कापून वर वाळू टाकतो. किनाऱ्याला काटकोनात एक रेषा आखून २० ते ५० मीटरवर छिद्रं घ्यावीत आणि एक रेषा किनाऱ्याला समांतरही ठेवावी. चाचपणीला अडीच-तीन सेंटिमीटर व्यासाचा अर्धगोल हात-गिरमिट पुरतो. बाहेर काढल्यावर सुरीने पृष्ठभाग आडवा खरवडायचा. उभा खरवडला तर वाळू चिखलावर ओढली जाते आणि नसलेला थर दिसू लागतो. गिरमिटातून ओली वाळू निसटते, म्हणून मुख्य नमुन्यासाठी बाजूने झाकण बंद होणारा रशियन कोअरर वापरावा. तो चिखल दाबतही नाही, त्यामुळे खोलीची नोंद बिघडत नाही.

मातीचा वरचा काठ किती तीक्ष्ण आहे ते मिलिमीटरमध्ये लिहावं. एक-दोन मिलिमीटरमध्ये माती संपत असेल तर घटना अचानक घडली. काही सेंटिमीटरभर माती हळूहळू चिखलात विरत असेल तर समुद्राची पातळी सावकाश वाढल्याचा संशय आधी घ्यावा. या काठाच्या वर-खाली एकेक सेंटिमीटरचे तुकडे कापावेत. फोरामिनिफेरासाठी ते पाण्यात धुऊन ६३ आणि ५०० मायक्रॉनच्या चाळण्यांमधला भाग ठेवायचा आणि ओलाच मोजायचा. खाजणातल्या जातींची कवचं वाळूचे कण चिकटवून बनलेली असतात. नमुना सुकला की ती फुटतात आणि मोजणीतून नेमक्या त्याच जाती गायब होतात.

रेडिओकार्बनने वय काढण्यासाठी सरसकट माती पाठवू नये. पुरलेल्या मातीच्या अगदी माथ्यावरच्या बिया किंवा गवताची जागच्या जागी उभी खोडं वेचावीत. वाहून आलेलं लाकूड वय जास्त दाखवतं, आणि वरच्या गवताची खाली घुसलेली मुळं ते कमी दाखवतात. कुजलेल्या मुळांत आणि खोडांत फरक पटकन कळत नाही. १६५० नंतरच्या काळात रेडिओकार्बनवरून वर्ष काढायचा आलेख वरखाली वळत असल्याने एकाच मोजणीतून दोन-तीन वेगळी शतकं निघतात. १७०० च्या भूकंपाला म्हणून झाडांचा आधार लागला. खचल्यामुळे मेलेल्या लाल देवदारांच्या मुळांवर साल शाबूत होती, आणि सालीखालचं शेवटचं वलय १६९९ चं पूर्ण झालेलं निघालं. जपानी कागदपत्रांत जाणवण्याजोग्या भूकंपाशिवाय आलेल्या त्सुनामीची नोंद होती. तिच्यावरून वेळ २६ जानेवारी १७०० ची रात्र, साधारण नऊ वाजता, अशी ठरली.

असं झाड किंवा असा कागद बहुतेक थरांना मिळत नाही. पदर मुळांनी विस्कटलेले, वर-खाली जाती सारख्या, शेजारच्या खाडीत काही नाही, अशा थरापुढे वहीत ‘समुद्राच्या पाण्याने आलेली वाळू, कारण अनिश्चित’ एवढंच लिहावं आणि भूकंपांमधला सरासरी काळ काढताना तो थर मोजणीत धरू नये.