दिवसा चालणारा कॅमेरा रात्रीच का बंद पडतो?

अमळनेरला मामांच्या घराला आणि मागच्या खळ्याला नवे कॅमेरे अन् गेटला व्हिडिओ डोअर फोन बसवायचा ठरला, कोटेशन आलं आणि लगेच मामांचा फोन, "भाचा, हाई काय लिखेल शे रे?" एनव्हीआर, पीओई, ऑनव्हिफ, एसआयपी, एच.२६५, सगळं त्यांनी अक्षर अक्षर वाचून दाखवलं.

पीओई सोडून बाकीचे शब्द सोपे आहेत. डीव्हीआर आणि एनव्हीआर म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र साठवणारे रेकॉर्डर, डीव्हीआरला जुने ॲनालॉग कॅमेरे जोडतात, एनव्हीआरला नेटवर्क केबलवाले. ऑनव्हिफ म्हणजे एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरला समजावा म्हणून ठरवलेली भाषा, २००८ मध्ये ॲक्सिस, बॉश आणि सोनीने सुरू केली. एसआयपी म्हणजे इंटरनेटवरून कॉल जोडायची पद्धत, म्हणून गेटची बेल दाबली की मामा शेतात असले तरी मोबाईल वाजू शकतो. एच.२६५ व्हिडिओ दाबून लहान करतं, भिंत हलली नाही तर ती परत परत साठवत नाही.

पण मला खरं सांगायचंय ते पीओईबद्दल, म्हणजे नेटच्या वायरमधूनच करंट. कारण खळ्यावरचा जुना कॅमेरा दिवसभर नीट चालायचा आणि अंधार पडला की बंद-चालू, बंद-चालू. गल्लीत बोलायला लागले की जागेत काहीतरी आहे, कोणी करणी केलीय, लिंबू उतरवून टाका. हे ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण उत्तर आठवी-नववीच्या ओहमच्या नियमात आहे: तारेत जाणारे व्होल्ट म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स.

ॲडाप्टर घरात, कॅमेरा ४० मीटर लांब, आणि १२ व्होल्ट नेट केबलमधल्या तारांच्या एका रिकाम्या जोडीतून सोडलेले. या बारीक तारेचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स साधारण ७ ओहम. दिवसा कॅमेरा पाव अँपिअर घेतो, वाटेत पावणेदोन व्होल्ट जातात, चालून जातं. अंधार पडला की कॅमेऱ्याचे अंधारात बघायचे दिवे, इन्फ्रारेड एलईडी, पेटतात, करंट अर्धा अँपिअर होतो, साडेतीन व्होल्ट वाटेतच जातात, कॅमेऱ्याला उरतात साडेआठ, तो बंद पडतो, लोड गेला की व्होल्टेज परत चढतं, तो चालू होतो, एलईडी पेटतात, परत बंद. रात्रभर हेच.

पीओईत व्होल्टेज ४८ च्या आसपास असतं. तेच ६ वॅट (१२ व्होल्ट गुणिले अर्धा अँपिअर) पोचवायला फक्त अष्टमांश अँपिअर लागतो, त्याच तारेत जेमतेम एक व्होल्ट जातो. करंट चौपट कमी, आणि तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने बदलते म्हणून ती सोळापट कमी.

मग त्याच तारेतून व्हिडिओ आणि करंट एकत्र कसे जातात? केबलमध्ये तारांच्या जोड्या असतात आणि डेटा असतो एका जोडीतल्या दोन तारांच्या व्होल्टेजमधल्या फरकात. पीओई एका जोडीच्या दोन्ही तारा सारख्याच वर उचलतं, दुसऱ्या जोडीच्या दोन्ही सारख्याच खाली ठेवतं. दोन माणसं बैलगाडीवर उभी केली तर दोघांची डोकी वर जातात, पण त्यांच्या उंचीतला फरक तोच राहतो, तसंच. डेटाला वीज दिसतच नाही!

आणि मला सगळ्यात आवडतं ते हे की स्विच, म्हणजे कॅमेऱ्यांच्या केबल जिथे जोडतात आणि जिथून वीज निघते तो नेटवर्कचा डबा, एकदम ४८ व्होल्ट सोडतच नाही. आधी १० व्होल्टच्या आत थोडंसं सोडून पाहतो की समोर साधारण २५ किलोओहमचा रेझिस्टर आहे का, असेल तरच पूर्ण वीज. म्हणून त्यात चुकून लॅपटॉप लावला तरी जळत नाही. हा नियम २००३ चा, नाव ८०२.३ एएफ, स्विचकडून १५.४ वॅट निघतात, १०० मीटरवर कॅमेऱ्याला १२.९५ मिळतील असं धरलेलं. स्वस्तातले 'पॅसिव्ह पीओई' इंजेक्टर (केबलमध्ये वीज घालणारे डबे) मात्र काही न विचारता वीज सोडतात, ते घेऊ नका.

मामांना सांगितलं, कोटेशनवर नुसतं पीओई नको, ८०२.३ एएफ लिहून घ्या, आणि केबल पूर्ण तांब्याची, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली चालणार नाही, तिचा रेझिस्टन्स जास्त असतो. खळ्यावरचा कॅमेरा आता पीओईवर आहे, रात्रभर चालतो.