संदर्भसाहित्याची अद्ययावतता

संशोधनासाठी घेतलेला ग्रंथ, लेख वा अहवाल त्या विषयाच्या सांप्रत ज्ञानस्थितीला धरून आहे की मागे पडला आहे, याची पारख. ग्रंथालयशास्त्रात हाच विचार ‘साहित्याची कालबाह्यता’ या नावाने होतो.

कालबाह्यतेचे सर्वांत परिचित माप म्हणजे अर्धायुष्य. चालू लेखनात वापरात असलेल्या साहित्यापैकी निम्मे मागील जितक्या वर्षांत प्रसिद्ध झालेले असते, तो कालावधी म्हणजे त्या विषयाचे अर्धायुष्य. किरणोत्सर्गी द्रव्यांकडून उसनी घेतलेली ही संज्ञा सामान्यतः बर्टन व केब्लर यांच्या १९६० मधील लेखाच्या नावावर टाकतात. तथापि जे. डी. बर्नाल यांनी ती १९५८ च्या सुमारासच वापरल्याचे पुढे निदर्शनास आले. हे मत अधिक ग्राह्य वाटते. विषयवार आकडे मात्र बर्टन-केब्लर यांचेच : भौतिकी ४.६, गणित १०.५, भूविज्ञान ११.८ वर्षे. उपमा पुरती लागू पडत नाही. द्रव्याचा क्षय होतो. लेखाचा फक्त वापर थांबतो, आणि तो पुन्हा सुरूही होतो. मेंडेल यांचा आनुवंशिकतेवरील १८६६ मधील निबंध १९०० मध्ये नव्याने उजेडात आला. डेरेक प्राइस यांनी पुढे शेवटच्या पाच वर्षांतील संदर्भांचे प्रमाण हा निर्देशांक सुचविला. तो मोजायला सोपा, पण विषयाच्या वेगाबद्दल सांगतो, एकेका लेखाबद्दल नाही.

एकेका ग्रंथाची पारख मुखपृष्ठामागील पानापासून सुरू होते. तेथील अलीकडचे साल पुष्कळदा पुनर्मुद्रणाचे असते. मजकूर पहिल्या आवृत्तीचाच राहतो. त्यापेक्षा संदर्भसूचीतील सर्वांत नवे साल बोलके. मानवी पेशीत ४८ गुणसूत्रे असतात, ही पेंटर यांची १९२३ मधील गणना तीस वर्षांहून अधिक काळ मान्य होती. १९५६ मध्ये त्यो व लेव्हान यांनी ४६ दाखविली. तेव्हा १९६० चे साल छापलेल्या पुस्तकातही आकडा ४८ असेल, तर साल निरुपयोगी.

वैद्यकात घाई अधिक. पद्धतशीर आढावा म्हणजे एका प्रश्नावरील उपलब्ध अभ्यासांची ठरावीक पद्धतीने केलेली एकत्रित तपासणी. अशा १०० आढाव्यांच्या २००७ मधील एका अभ्यासात सुधारणेची गरज सूचित होईपर्यंतचा मध्यक काळ ५.५ वर्षे आढळला. ७ टक्के आढावे प्रसिद्धीच्या वेळीच मागे पडलेले होते.

मागे घेतलेला लेख हा वेगळा प्रकार : तो जुना नव्हे, बाद असतो. लस व स्वमग्नता यांचा संबंध सुचविणारा ‘लॅन्सेट’मधील १९९८ चा लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला. जतन केलेल्या जुन्या प्रतीवर तसा शिक्का नसतो, म्हणून नियतकालिकाच्या मूळ पानावरील सद्यःस्थिती पाहावी लागते.

इतिहास व भाषाशास्त्रात मूळ साधने या कसोटीबाहेर राहतात. तपासायचे ते त्यांवरील भाष्य.