बर्फाचा वाफसा

काळ्या रानात पाऊस पडून गेला की लगेच वखर घालत नाहीत. चिखल चिकटतो, बैलांचे पाय रुततात. फार थांबलं तर ढेकळं दगडासारखी होतात. मधल्या त्या नेमक्या अवस्थेला आपण वाफसा म्हणतो. गेल्या फेब्रुवारीत परभणीहून आम्ही चौघं स्कीइंग शिकायला उत्तराखंडातल्या औलीला गेलो. तिसऱ्या दिवशी माझा मावसभाऊ म्हणाला, "दादा, ह्यो बर्फबी वाफशावर येतोय की!" तो सहा एकरांत कापूस-सोयाबीन करतो. त्याचं निरीक्षण अगदी अचूक होतं.

जोशीमठच्या वर, अडीच ते तीन हजार मीटर उंचीवरचे हे उतार. सकाळी आठला बर्फ फरशीसारखा कडक. स्कीची कड नुसती खरखरते, धरत नाही. अकराच्या सुमारास वरचा दोन बोटं थर सुटा होतो आणि ज्वारीसारखे गोल दाणे दिसू लागतात. तेव्हा नवशिक्यालाही वळता येतं. दोन वाजता त्याचाच चिखल होतो.

ताजा बर्फ म्हणजे बहुतांश हवाच. एक घनमीटर पाणी 1000 किलो भरतं, तेवढाच भुसभुशीत ताजा बर्फ 50 ते 100 किलो. त्यातल्या सहा टोकांच्या चांदण्या फार टिकत नाहीत. टोकांवरच्या बर्फाची वाफ होते आणि ती खोलगट जागी पुन्हा गोठते. कण गोल होतात, एकमेकांना जोडले जातात. वाफसा या शब्दात वाफ आहे, आणि इथे काम करते तीही वाफच. पुढे ऊन लागलं की बारीक कण आधी वितळतात, मोठे आणखी वाढतात, रात्री सगळं एकत्र गोठतं. असं बरेच दिवस झालं की दाणा भरतो. स्कीवाले याला 'कॉर्न स्नो', म्हणजे मक्याचा बर्फ म्हणतात. मला ज्वारी जास्त जवळची वाटते.

वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो म्हणून स्की घसरते, असं पुष्कळांना वाटतं. पण वितळणबिंदू 1 अंशाने खाली आणायला हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे 135 पट दाब लागतो. दोन स्कींवर उभ्या माणसाचा दाब त्या नेहमीच्या दाबाच्या चाळिसाव्या भागाइतकाच भरतो. बाउडेन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखला प्रयोग करून 1939 साली दाखवलं, की घर्षणाच्या उष्णतेने स्कीखाली पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो. कडाक्याच्या थंडीत तो नीट बनत नाही, बर्फ वाळूसारखा घासतो. दुपारी पाणी इतकं वाढतं की ते स्कीला खालून ओढून धरतं. चांगली घसर या दोहोंच्या मध्ये.

मात्र सकाळी अकराचा वाफसा हवा असेल, तर आदल्या रात्री बर्फ गोठावा लागतो. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता अवरक्त किरणांनी आकाशाकडे सोडतो आणि भोवतालच्या हवेहूनही थंड होतो. ढग असले की ते बरीचशी उष्णता परत खाली पाठवतात. हरभऱ्याला रात्री पाणी द्यायला जाणाऱ्याला हा फरक अंगावरच कळतो.

शेवटच्या रात्री जेवून बाहेर आलो तर एकही चांदणी दिसेना. भाऊ वर बघत म्हणाला, "उद्या काय खरं नाही." सकाळी उतारावर पहिलं पाऊल टाकलं, ते गुडघ्यापर्यंत आत गेलं.