विद्यापीठ-ओळख उपक्रम (कोकणातील माध्यमिक शाळा)

आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना एखादी विद्याशाखा, महाविद्यालय किंवा व्यवसाय थोड्या दिवसांसाठी आतून अनुभवू देणारा कार्यक्रम. त्याला जोडून प्रवेश मिळत नाही आणि गुणही नसतात. मूल एक दिवस ते दोन आठवडे तिथे राहते वा ये-जा करते, तिथल्या प्राध्यापकांचा तास ऐकते, प्रयोगशाळेत स्वतः काम करते आणि हे आपल्याला जमेल का, आवडेल का, याचा अदमास घेते. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात तो हा प्रकार. इंग्लंडमध्ये अशा दिवसाला चव घेण्याचा दिवस म्हणतात, तर जर्मनांनी त्यासाठी हुंगणे हे क्रियापद निवडले आहे. मराठीत रूढ नाव अजून नाही. शाळेच्या दप्तरात त्याची नोंद क्षेत्रभेट किंवा करिअर मार्गदर्शन अशी होते. मात्र मार्गदर्शनाच्या व्याख्यानात मुले सभागृहात बसून ऐकतात आणि क्षेत्रभेटीत रांगेने पाहत पुढे सरकतात. ओळख उपक्रमात काम मुलांच्या हातात यावे लागते, नाहीतर ती सहलच.

जपानच्या ह्योगो प्रांताने 1998 मध्ये आपल्याकडच्या आठवीच्या वयाच्या सगळ्या मुलांसाठी पाच दिवसांचा कार्यानुभव सुरू केला. मुले दुकानात, शेतावर, रुग्णालयात जाऊन काम करतात. इंग्लंडमध्ये 1997 पासून सटन ट्रस्ट या संस्थेची उन्हाळी शिबिरे, ज्यांच्या घरात आधी कोणी विद्यापीठात गेलेले नाही अशा मुलांना नामांकित विद्यापीठांच्या आवारात नेतात. भारतात केंद्राच्या 'इन्स्पायर' योजनेत अकरावी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी पाच दिवसांची शिबिरे होतात, तर इस्रोचा 'युविका' हा नववीच्या मुलांसाठीचा कार्यक्रम 2019 मध्ये सुरू झाला. दोन्ही मोलाचे, पण दोन्हींची निवड मुख्यतः गुणांवर होते. 65 टक्क्यांच्या मुलाला कुणी प्रयोगशाळा दाखवत नाही, आणि खरे तर सर्वांत जास्त गोंधळलेला तोच असतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या सर्वच मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सुचवली आहे. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांच्या हाताखाली शिकावे, अशी कल्पना आहे.

कोकणात या उपक्रमाची गरज वेगळ्या कारणाने आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे कोकण विभागीय मंडळ दहावीच्या निकालात वर्षानुवर्षे राज्यात पहिले येते. 2024 मध्ये त्याचा निकाल 99.01 टक्के लागला. गुणांची वानवा नाही. वानवा आहे ती पाहिलेल्या वाटांची. गावातल्या मुलाने शिक्षक, पोलीस, परिचारिका, बँकेतला कारकून आणि गणपतीला येणारे चाकरमानी एवढेच पाहिलेले असतात, म्हणून तो त्यांतलेच काहीतरी मागतो. राज्य मंडळाने 2016 पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. पण जे कधी दिसलेच नाही, त्याकडे कल आहे की नाही हे प्रश्नपत्रिका कशी सांगणार?

शाखा निवडण्याचा क्षणही फार लवकर येतो. रत्नागिरीजवळच्या शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालयाच्या पदवीला बारावी विज्ञान आणि सामायिक प्रवेश परीक्षा लागते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या तांडेलाच्या, म्हणजे मासेमारी होडीच्या प्रमुखाच्या, मुलीने अकरावीला वाणिज्य घेतले, तर ही पदवी तिच्यासाठी तिथेच मिटते. पण आपल्या घरच्या धंद्याची पदवी काही किलोमीटरवर मिळते, हे तिला तोवर कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून हा उपक्रम नववीत व्हावा. दहावीचे वर्ष परीक्षेत जाते, आणि अकरावीत उशीर झालेला असतो.

किनाऱ्यावर पाहण्याजोगे खूप आहे. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ 1972 चे. त्याच्या शाखा सगळ्या कोकणात पसरल्या आहेत: भाट्ये येथे नारळ, वेंगुर्ले येथे आंबा-काजू, मुळदे येथे उद्यानविद्या. लोणेरे येथे 1989 च्या कायद्याने स्थापन झालेले तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. अलिबागची चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये सुरू झाली. मुंबईत विजेच्या ट्राम आल्यावर चुंबकीय नोंदी बिघडणार म्हणून कुलाब्याची उपकरणे तिथे हलवावी लागली. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवणे ही एक नोकरी असू शकते, हे मुलांना ऐकूनही खरे वाटत नाही.

रत्नागिरीच्या झाडगावातले मत्स्यालय बहुतेक शाळांनी पाहिलेले असते. तिथे देवमाशाचा सांगाडाही आहे. पण मुले अर्ध्या तासात बाहेर पडतात आणि पुढच्या बसला लागतात. तोच वेळ एका टेबलाशी घालवला तर? माशाच्या डोक्यातला कर्णाश्म नावाचा इवलासा खडा काढून, त्यावरची वर्तुळे भिंगाखाली मोजून वय ठरवतात. बांगडा, सुरमई, पापलेट ही नावे कोळ्याच्या मुलाला पाठच असतात. वर्गात मागे बसणारा हा मुलगा त्या टेबलाशी जाणकार ठरतो.

कोय कलमाचे उदाहरण याहून बोलके आहे. पावसाळ्यात रुजलेल्या आंब्याच्या कोयीचे तांबूस, कोवळे रोप घ्यायचे, त्याचा शेंडा छाटून मधोमध चीर द्यायची, हापूसच्या काडीला पाचरीसारखा काप देऊन ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. सांगायला दोन मिनिटे, पण पहिल्या दिवशी निम्म्या मुलांची काडी हलते. कलम धरले की नाही ते तीन-चार आठवड्यांनी, काडीला पालवी आली की कळते. त्यामुळे दोनदा जावे लागते, आणि दुसरी फेरीच महत्त्वाची. आपले कलम सुकलेले पाहून 'का सुकले' असे विचारणारे मूल कृषिशास्त्राच्या दारात उभे असते. जो विचारत नाही, त्यालाही एक उत्तर मिळालेले असते: हे आपले काम नव्हे. अशा नकाराची नोंद शिक्षकांनी तितक्याच आदराने करावी.

या विचाराला महाराष्ट्रात जुना आधार आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा अभ्यासक्रम निघाला. आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, शेती-पशुपालन, आहार-आरोग्य ही कामे शिकतात, आणि शिकवणारे अनेकदा गावातलेच कारागीर असतात. कोकणातल्या काही शाळांनीही तो स्वीकारला. विद्यापीठाच्या एका दिवसापेक्षा त्याचा परिणाम खोल होतो, कारण तो तीन वर्षे चालतो. पण त्यातून पदवीच्या वाटा दिसत नाहीत. दोन्ही एकमेकांना जोडले तर काम होते.

अडचणी बहुतेक प्रवासाच्या असतात. वाडीवरून निघणारी एसटी दिवसातून दोन-तीनदाच असते, संध्याकाळची चुकली तर मुलींना घरी पोहोचवायचे कुणी, या एका प्रश्नावर कित्येक बेत मोडतात. त्यामुळे शाळा-शाळांनी मिळून गाडी करणे किंवा प्राध्यापकांनीच साहित्य घेऊन शाळेत येणे सोयीचे पडते. वेळापत्रकही निसर्ग ठरवतो. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. जाळी दुरुस्त होताना पाहायची तर तेव्हाच जावे. कलमे पावसात, भातकापणी ऑक्टोबरच्या सुमारास, काजू-आंबा मार्चपासून, आणि नेमक्या त्याच दिवसांत परीक्षा. प्रयोगशाळांसाठी दिवाळीनंतरचे दोन महिने मोकळे मिळतात.